मदत थांबली, गोळ्या नाही! कल्याणचं 'मित्र क्लिनिक' बंद झालं, त्यातून आपण काय शिकायचं?

"डॉक्टर, अमेरिकेने पैसे बंद केले म्हणे. मग आता एचआयव्हीच्या गोळ्याही बंद होणार का?" २०२५ च्या सुरुवातीपासून हा प्रश्न अनेक रुग्णांच्या मनात आहे. काही जण तो उघड विचारतात, बरेच जण विचारतही नाहीत. थोडक्यात उत्तर असं: गोळ्या बंद झालेल्या नाहीत. पण त्या गोळ्यांपर्यंत पोहोचण्याची एक वाट मात्र बंद झाली, आणि तीही आपल्या शेजारच्या स्टेशनावर.

नेमकं काय घडलं?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. काही दिवसांतच यूएसएड या संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या जगभरातल्या प्रकल्पांना "काम थांबवा" अशी पत्रं गेली. मार्चमध्ये त्यातले सुमारे ८३ टक्के कार्यक्रम कायमचे रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैपासून ही संस्था स्वतंत्रपणे मदत देणारी म्हणून उरली नाही.

याची झळ आफ्रिकेला सर्वांत जास्त बसली. आपल्याकडे ती कमी बसली, पण बसली. तृतीयपंथी व्यक्तींसाठी हैदराबाद, पुणे आणि कल्याण इथे 'मित्र क्लिनिक' चालत होती. एचआयव्ही आणि गुप्तरोगांची तपासणी, हार्मोन उपचारांचा सल्ला, मानसिक आरोग्य, कायदेशीर मदत असं सगळं एका छताखाली मिळे आणि समोर बसलेले कर्मचारीही बरेचसे त्याच समाजातले असत. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे ५,००० लोकांना सेवा मिळत होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तिन्ही क्लिनिक बंद झाली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसासाठी कल्याण म्हणजे लोकलने काही मिनिटांचं अंतर. त्यामुळे ही बातमी दूरदेशीची नाही.

गोळ्या का बंद झाल्या नाहीत?

कारण त्यांचा पैसा आपलाच आहे. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं (एआरटी) १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी (२०२१ ते २०२६) केंद्र सरकारने सुमारे १५,४७२ कोटी रुपयांची तरतूद केली. ज्या देशांत गोळ्यांचाच खर्च परदेशातून येत होता, तिथे रुग्ण अक्षरशः रिकाम्या हाताने परतले. आपल्यावर ती वेळ आली नाही, ही मोठी गोष्ट आहे.

मग नुकसान कशाचं झालं?

एचआयव्हीच्या उपचारात गोळी हा शेवटचा टप्पा. त्याआधी माणसाने तपासणीला यायला हवं, निकाल ऐकून खचून न जाता एआरटी केंद्रात नाव नोंदवायला हवं आणि दर महिन्याला परत यायला हवं. यातल्या प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. केसपेपर काढताना "पुरुषांच्या रांगेत की बायकांच्या?" हा एक प्रश्न तृतीयपंथी व्यक्तीला दवाखान्याच्या दारातून परत पाठवायला पुरेसा असतो. ही गळती थांबवणारी माणसं म्हणजे समुपदेशक, वस्तीत जाऊन बोलणारे सहकारी, सोबत रुग्णालयात येणारी 'दीदी'. परदेशी मदत नेमकी इथे खर्च होत होती.

गळतीचा वैद्यकीय परिणामही समजून घ्या. औषध नियमित चालू असेल आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. औषध सुटलं की काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढतो. प्रतिकारशक्ती खालावते, टीबीसारखे आजार डोकं वर काढतात आणि संसर्ग पुढे जाऊ लागतो. म्हणजे एका क्लिनिकला लागलेलं कुलूप फक्त तिथल्या रुग्णांपुरतं राहत नाही.

मदत बंद होणारच होती, प्रश्न पद्धतीचा आहे

कोणताही देश कायम परदेशी मदतीवर चालू नये, हे मान्यच. आपल्याकडे असं हस्तांतर नीट झाल्याचं उदाहरणही आहे. गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये 'आवाहन' हा एचआयव्ही प्रतिबंधाचा मोठा कार्यक्रम महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केला. तो सरकारकडे सोपवायला काही वर्षं दिली गेली. काम टप्प्याटप्प्याने, आधी तयारी करून वर्ग झालं. २०२५ मध्ये मात्र संस्थांना सावरायलाही वेळ मिळाला नाही.

दुसरी अडचण आपल्या घरातली. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. हिशेब चोख हवा, यात वाद नाही. पण वस्तीतल्या छोट्या संस्थेला पैसा यायचा तो मोठ्या संस्थेमार्फतच. ती वाट बंद झाली.

कंपन्यांचा सीएसआर निधी हा पर्याय आहे. हैदराबादचं क्लिनिक पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने 'सबरंग' नावाने पुन्हा सुरू झालं, म्हणजे देशी पैशातूनही हे होऊ शकतं. पण सीएसआरचा नियम लागू होतो तो मोठ्या कंपन्यांना (उदाहरणार्थ, वर्षाला किमान ५ कोटी रुपये निव्वळ नफा असणाऱ्या). उल्हासनगरच्या गल्लीतला जीन्सचा कारखाना त्यात बसत नाही. शिवाय देणगीदाराला इमारत, रुग्णवाहिका, यंत्र द्यायला आवडतं, कारण त्यावर नाव लिहिता येतं. समुपदेशकाच्या पगारावर नाव लिहिता येत नाही.

आणि देशी पैसा म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. टीबीची औषधं सरकारच घेतं. तरीही मार्च २०२४ मध्ये पुरवठा अडखळला आणि केंद्राला राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावं लागलं. पैसा कुठलाही असो, नियोजन आधी लागतं.

इथे काय करता येईल?

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यातलं कलम १५ सरकारवर एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रं आणि हार्मोन उपचारांसह वैद्यकीय सुविधा देण्याची जबाबदारी टाकतं. 'मित्र क्लिनिक' जे करत होतं, ते मुळात कायद्याने सरकारचंच काम आहे. त्यासाठी नवी इमारत नको. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय इथे आठवड्यातून एक ठरलेली दुपार, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि त्याच समाजातला एक पगारी समुपदेशक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. महापालिका आणि दोन्ही नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकात या पगारांसाठी एक ओळ असावी, अशी मागणी नागरिक म्हणून आपण करू शकतो.

तुम्ही किंवा तुमचं कुणी उपचार घेत असेल तर:

• एखादं क्लिनिक किंवा संस्था बंद झाली तरी गोळ्या थांबवू नका. जुने कागद घेऊन जवळच्या सरकारी एआरटी केंद्रात जा. कागद नसतील तरीही जा.
• सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय असते. माहितीसाठी १०९७ या क्रमांकावर मोफत फोन करा.
• हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं दुकानातून परस्पर घेऊ नका. रक्तात गुठळ्या होणं, यकृतावर परिणाम असे धोके असतात. एआरटी चालू असेल तर डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगा.
• दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं असेल तर टीबीची तपासणी करा. टीबीच्या रुग्णांना पोषणासाठी मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. आपलं नाव आणि बँक खातं नोंदलं आहे ना, ते विचारून घ्या.

गोळ्या पुरवण्याची जबाबदारी आपल्या सरकारने घेतली, ते चांगलंच झालं. आता रुग्णाला त्या गोळ्यांपर्यंत आणणाऱ्या माणसाचा पगारही आपल्याच तिजोरीतून निघायला हवा.