आकडा ताटापर्यंत पोहोचला पाहिजे

आपल्या मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिरांत बोटाला सुई टोचतात, पट्टीवर थेंब घेतात आणि कार्डावर साखरेचा आकडा लिहून देतात. आकडा मोठा असला की सल्ला ठरलेला: साखर बंद करा. घरी चहा बिनसाखरेचा होतो, ताटातला भात मात्र तेवढाच राहतो.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या घरांतही आता ग्लुकोमीटर दिसतो. पण तो बहुतेक वेळा सकाळी उपाशीपोटीच वापरतात. कोणत्या जेवणाने साखर किती वाढली, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी जोडीने मोजावे लागते: जेवणाआधी एकदा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी पुन्हा. सोबत काय खाल्ले, किती खाल्ले, हे लिहायचे. माझ्या अम्मींच्या वहीत दोन वाट्या भातानंतर साखर 95 ने वाढलेली होती. एक वाटी भात आणि जास्त डाळ-भाजी घेतली, तेव्हा 45 ने. त्यांना भात सोडावा लागला नाही, अर्धा करावा लागला. तुमचे आकडे वेगळे येतील, म्हणूनच मोजायचे. साधारणपणे जेवणाआधी 80 ते 130 आणि नंतर 180 च्या आत हे लक्ष्य असते. वय आणि औषधांनुसार डॉक्टर ते बदलतात.

पट्ट्या महाग पडतात. मजुरीवर चालणाऱ्या घराला रोज दोन परवडणार नाहीत. इन्सुलिन न घेणाऱ्यांना नुसते मोजत राहून फारसा फायदा होत नाही, असे अभ्यासही सांगतात. त्यांनी आठवड्यातून दोन जेवणे जोडीने मोजावीत आणि त्याप्रमाणे ताट बदलावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा मोजावे.

रमजानमध्ये अनेकजण रोजा तुटेल म्हणून तपासणी टाळतात. बोटातून थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असे मधुमेह आणि रमजानविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. साखर 70 पेक्षा खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असेही त्यांत आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. तेवढ्याने भागणार नाही. सरकारी आरोग्य केंद्रांनी गोळ्यांसोबत गरजूंना महिन्याला थोड्या पट्ट्याही द्याव्यात, ही मागणी आपण लावून धरू. आणि पुढच्या शिबिरात बॅनर-सत्काराचा खर्च कमी करून प्रत्येक मधुमेही घराला आठ पट्ट्या, एक वही आणि जोडीने कसे मोजायचे याची दहा मिनिटांची शिकवणी देऊ.