चुकायला एक संगणक हवा



कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये विहाराच्या खोलीत आम्ही अभ्यासिका चालवतो. तिथे दानात मिळालेले दोन जुने संगणक आहेत. दोन्हींवर लिनक्स आहे. ते फुकट मिळते, त्यात मराठी चालते आणि जुन्या यंत्रावरही निभावते. मागच्या हिवाळ्यात बी.एस्सी. करणारी आमची एक मुलगी हार्ड डिस्कचे पार्टिशन करायला शिकत होती. एक कमांड चुकली आणि सगळ्यांच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, सगळे पुसले गेले. पोरगी रडली. पण आम्हाला जास्त लागले ते दुसऱ्या दिवशीचे. एका ज्येष्ठ काकांनी सांगितले, "आता सेटिंगला कोणी हात लावायचा नाही." आणि आम्हीही मान डोलावली.

'हात लावू नका' हे शब्द आपल्या समाजाने काय कमी ऐकले आहेत? तेच शब्द आपणच आपल्या लेकरांना, तेही विहारात ऐकवायचे?

यावर एक उपाय आहे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. त्याला खोटी हार्ड डिस्क असते. ती प्रत्यक्षात फक्त एक फाईल. आतल्या यंत्राचे पार्टिशन मोडा, सिस्टीम उडवा, काहीही करा, बाहेरच्या नोट्सना धक्का लागत नाही. सुरुवातीला स्नॅपशॉट घेऊन ठेवला तर बिघडल्यावर पुन्हा होते तिथे येता येते. शहरातल्या पोराकडे एक लॅपटॉप कामाचा आणि एक मोडायचा असतो. आमच्याकडे दोनच, तेही वीस जणांत. म्हणून आमच्यासाठी व्हर्च्युअल मशीन म्हणजे चूक करण्याची मुभा आहे. आणि चुकल्याशिवाय संगणक कोणाला आला आहे?

आता मूळ प्रश्न. हे सॉफ्टवेअर लिनक्सच्या संचात आधीपासूनच असावे, की ज्याला हवे त्याने नंतर उतरवून घ्यावे? जाणकारांत यावर मतभेद आहेत. फेडोरा वर्कस्टेशनमध्ये 'बॉक्सेस' नावाचे साधे अॅप मूळ संचातच देत आले आहेत. उबुंटूने उलट वाट धरली, २३.१० या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, कमीत कमी अॅप टाकायचे हाच तिथला नेहमीचा पर्याय झाला. गंमत अशी की व्हर्च्युअल मशीन चालवणारे मुख्य इंजिन, केव्हीएम, फेब्रुवारी २००७ मधल्या २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. घर बांधून तयार आहे, दाराला कडी तेवढी नाही.

विरोधक म्हणतात, "उपलब्ध तर आहे ना! एक कमांड द्या, उतरवून घ्या." मित्रांनो, 'उपलब्ध आहे' या शब्दांचा इतिहास आपल्याला शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. कागदावर पाणी उपलब्ध होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. महाडच्या संगराची बरोबरी आम्ही सॉफ्टवेअरशी करत नाही. पण धडा तोच आहे. कागदावरचे खुले आणि हाताला लागलेले, यांत अंतर असते आणि ते अंतर दरवेळी गरिबानेच चालायचे असते.

ज्या मुलीला व्हर्च्युअल मशीन हा शब्दच ठाऊक नाही, ती उतरवून तरी काय घेणार? मेनूत चिन्ह दिसले तर ती त्यावर बोट ठेवून विचारेल, "हे काय आहे?" शिकणे तिथून सुरू होते. आणि मोबाईलचा दिवसाचा दीड जीबी डेटा आधीच क्लासच्या व्हिडिओत संपलेला असतो.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र खरे आहेत, ते झाकायचे नाहीत. पहिला, संच जड होतो. होतो, पण उबुंटू २४.०४ ची फाईलच सुमारे ६ जीबीची आहे, त्यात काहीशे एमबी वाढले तर आभाळ कोसळत नाही. बंद असलेले अॅप रॅमही खात नाही. दुसरा, ४ जीबी रॅमवर आतला संगणक रखडतो. खरे आहे. चित्रमय डेस्कटॉप आत चालवाल तर पस्तावाल. पण फक्त अक्षरांच्या पडद्यावर चालणारे डेबियन १ जीबीत भागवते आणि पार्टिशन शिकायला तेवढे पुरते.

म्हणून आमचे म्हणणे असे. ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स नको; त्याचे एक्स्टेन्शन पॅक मुक्त परवान्याचे नाही. केव्हीएमवर चालणारे बॉक्सेससारखे एक साधे अॅप मूळ संचात असावे. ज्याला नको त्याने काढून टाकावे. काढणे सोपे असते, नसलेले शोधणे अवघड. आणि सी-डॅकचे बॉस लिनक्स, त्याची शाळांसाठीची एज्यूबॉस ही आवृत्ती, यांच्यावर तर जनतेचा पैसा लागला आहे. २०१८ मध्ये आकांक्षित ठरवलेल्या वाशिमसारख्या जिल्ह्यातली शाळा समोर ठेवूनच असा संच बांधला पाहिजे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. पुण्या-मुंबईत आयटीत असलेल्या बांधवांनो, १४ एप्रिलला गावी याल तेव्हा हारासोबत एक पेन ड्राइव्ह आणा. त्यात लिनक्सची फाईल आणि हे अॅप असू द्या. तीच फाईल आतल्या संगणकालाही चालते, वेगळी लागत नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करून द्या आणि तासभर पोरांजवळ बसा.

आमच्या अभ्यासिकेत आम्ही हे केले आहे. काकांचा नियमही बदलून घेतला. बाहेरच्या संगणकाला विचारून हात लावायचा. आतल्याला कोणालाही न विचारता. पहिल्याच आठवड्यात त्या मुलीने तो चार वेळा मोडला आणि चार वेळा उभा केला.

जय भीम! जय संविधान!