विश्लेषण : पूररेषा लोकांना का पटत नाही?

नदीकाठच्या शहरांत निळी आणि लाल पूररेषा जाहीर झाली, की आधी विरोधाचा सूर उमटतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. त्यानंतरही तेथे पूररेषांना विरोध झाला आणि वाशिष्ठीतील गाळ काढण्याची मागणी पुढे आली. ज्यांच्या रक्षणासाठी रेषा आखली जाते, त्यांनाच ती नकोशी का वाटते?

या रेषा काय सांगतात?

सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर दोन्ही रेषांच्या दरम्यान अटींसह परवानगी मिळते. रहिवाशाला मात्र यातून एवढेच कळते, की घराची किंमत घसरणार आणि पुनर्बांधणी अडणार. ही भीती निराधार नाही. तिला उत्तर न देता नकाशा प्रसिद्ध केला, तर तो शिक्षेसारखा वाटतो.

गैरसमज कुठे होतो?

‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘पूर येऊन गेला, आता २५ वर्षे निश्चिंती’ असा घेतला जातो. प्रत्यक्षात ही शक्यता दरवर्षी ४ टक्के असते. म्हणजे २० वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. हिशेब तोच, पण असा मांडला तर घर घेणारा विचार करतो. चिपळूणने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर १६ वर्षांत पाहिले.

लोकांना कोणती भाषा कळते?

कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी घरोघरी विचारली जाते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, यापेक्षा हे आकडे लोकांना लवकर कळतात, कारण कोणत्या पातळीला कोणता रस्ता बंद होतो, हे अनुभवाने ठाऊक असते. पूररेषाही गल्लीतल्या भिंतीवरील जुन्या पुराच्या खुणेशी जोडली, तर परकी वाटणार नाही.

विरोधकांना सोबत घेता येते?

नेदरलँड्समधील ‘नदीला जागा’ या कार्यक्रमात ओव्हरडीप्स पोल्डर येथील शेतजमीन पुराच्या पाण्यासाठी मोकळी करायची होती. उंच टेकाडे उभारून त्यांवर घरे-गोठे बांधण्याची योजना शेतकऱ्यांनीच मांडली आणि सरकारने ती स्वीकारली. काही कुटुंबांनी स्थलांतर केले, बाकीची तेथेच राहिली.

गाळ काढल्याने नदीची वहनक्षमता वाढते, पण धोका संपत नाही. चिपळूणकरांना या दोन्ही गोष्टी, त्यांच्या मागणीचा मान राखून, सांगता येतील. मात्र रेषेच्या आतल्या घरांचे काय, याचे उत्तर आधी तयार हवे.