आधी घर, मग बाकीचे

गरिबांच्या घरांचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत एक मत हमखास ऐकू येते. घर ही कमवायची गोष्ट आहे. माणसाने आधी नोकरीधंद्यात जम बसवावा, चार पैसे गाठीला बांधावेत, मग घर घ्यावे. सरकारने हातात ठेवलेल्या घराची किंमत राहत नाही. हे बोलणारी माणसे बहुतेक वेळा मनाने वाईट नसतात. त्यांनी स्वतः कर्ज काढून, वर्षानुवर्षे हप्ते फेडून, हौसमौज मारून घर उभे केलेले असते आणि त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी लावलेला क्रम उलटा आहे. जम बसवायलाच आधी जागा लागते.

सोलापूरच्या विडी कामगार बाईचे उदाहरण घ्या. तिचे घर हाच तिचा कारखाना. कंपनीच्या शाखेतून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, कात्रीने एका मापाची कापायची, मांडीवर सूप घेऊन तासन् तास विड्या वळायच्या, जुड्या बांधायच्या आणि माल शाखेत नेऊन द्यायचा. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. हे सगळे भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत चालते तेव्हा काय होते? छप्पर गळाले की तंबाखू सादळतो आणि वाया गेलेल्या मालाचा भुर्दंड तिच्याच मजुरीवर पडतो. तंबाखूची भुकटी असते त्याच जमिनीवर मूल झोपते. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली की राहण्याच्या जागेबरोबर तिची कामाची जागाही जाते, शाखा लांब पडते, मुलाची शाळा सुटते, रेशनकार्डावरचा पत्ता निरुपयोगी होतो. नव्या खोलीची अनामत रक्कम भरण्यात शिल्लक संपते. या बाईला ‘आधी जम बसव’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

सोलापुरातल्या कामगारांनी हा प्रश्न संघटना करून सोडवायला घेतला. नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांच्या पुढाकाराने शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी सुमारे 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. 2006 साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. पुढे असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर आखले गेले आणि त्यातल्या 15,000 घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 रोजी नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आल्या. आडम मास्तरांसारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्याने रेटलेल्या कामाला दोन परस्परविरोधी पक्षांच्या पंतप्रधानांनी हजेरी लावली, हे मला आजच्या काळात फार मोलाचे वाटते. आणि ही घरे फुकट नव्हती. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगाराचा स्वतःचा वाटा अशा हिशेबाने ती उभी राहिली. आयत्या घराला किंमत नसते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब नीट पाहावा. गरीब माणूस पैसे द्यायला तयार असतो. त्याला जमेल एवढी रक्कम आणि जमेल एवढी मुदत कोणी देत नाही, अडते ते इथे.

‘गरीब लोक मिळालेली घरे विकतात आणि पुन्हा झोपडीत जातात’ हा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण असे घडते हे खरे आहे. पण का घडते? मुंबईत गोवंडीला नटवर पारेख कंपाउंड नावाची पुनर्वसन वसाहत आहे. तिथे दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. अशा वसाहतींच्या अभ्यासात उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. मुंबईतल्याच माहुलला प्रकल्पग्रस्तांना नेऊन ठेवले ते तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. लोक आजारी पडू लागले, भांडले, आणि 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की तिथे कोणालाही सक्तीने पाठवू नका, दुसरे घर देता येत नसेल तर महिना 15,000 रुपये भाडे द्या. अशा ठिकाणचे घर सोडून कोणी गेले तर तो त्याचा कृतघ्नपणा कसा? आपल्यापैकी कोणीही आपल्या मुलाला तिथे एक पावसाळा ठेवणार नाही.

अंतराचेही तेच. 1981 साली महाराष्ट्राच्या अंतुले सरकारने मुंबईच्या पदपथावरच्या लोकांना हलवण्याचा निर्णय घेतला. ते प्रकरण ओल्गा टेलिस खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मान्य केले की ही माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणून पदपथावर राहतात, आणि तिथून उठवणे म्हणजे त्यांची रोजीरोटी काढून घेणे. रहिवाशांना हटवण्याचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला, पण जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हे तेव्हा स्पष्ट झाले. म्हणून घराची किंमत सांगताना कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ त्यात धरलाच पाहिजे. कुंभारीच्या वसाहतीलाही हे लागू आहे. शहरापासून लांबच्या घराला बस, दवाखाना, शाळा आणि जवळ काम मिळाले नाही, तर स्वस्त घर महाग पडते. बांधकाम झाले म्हणजे काम झाले, असे मी मानत नाही.

आता बाजाराची बाजू. बाजाराला मोकळीक द्या, पुरवठा वाढला की भाव उतरतील, असे म्हणतात. मुंबईत घरे बांधली जात नाहीत असे कोण म्हणेल? 2017-18 च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत एकट्या मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी असल्याचे नोंदले आहे. त्याच शहरात लाखो कुटुंबे झोपडपट्टीत राहतात. बाजाराने घरे बांधली; ती ज्यांना हवीत त्यांच्या पगारात बसतील अशी बांधली नाहीत.

बाजारवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि घरमालकांनी दुरुस्ती सोडून दिली. जुन्या चाळी कोसळून माणसे मेली, त्यामागे हेही एक कारण आहे. पण यातून निघतो तो धडा इतकाच की भाडे कमी ठेवायचे तर देखभालीचा खर्च कोण करणार ते आधीच ठरले पाहिजे. गरिबाने बाजारभाव मोजावा, हा अर्थ त्यातून निघत नाही.

राहिला करदात्याच्या पैशाचा प्रश्न. गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, तोही सरकारी तिजोरीतलाच पैसा. मध्यमवर्गाच्या कितीतरी गृहनिर्माण संस्था सवलतीत मिळालेल्या सरकारी जमिनींवर उभ्या आहेत. ते योग्यच झाले, असे मी म्हणतो. त्या घरांमुळे दोन पिढ्या शिकल्या, स्थिरावल्या. मग तेच सूत्र विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या कुटुंबांना लागू करताना ते भीक कसे ठरते? मुंबईच्या गिरणगावात तर दिलेला शब्दही मोडला. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. 2001 मध्ये तो वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता केला गेला आणि घरांच्या हिश्श्याला फारच थोडी जमीन उरली. ती जमीन हातात राहिली असती तर गिरणी कामगारांची मुले-नातवंडे शहराच्या मध्यभागी राहिली असती.

आपल्या शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा नागरिकांच्या हरकती-सूचनांसाठी मुदत असते. बिल्डर ती मुदत कधी चुकवत नाहीत, आपण चुकवतो. पुढच्या वेळी लेखी मागणी करा: आमच्या प्रभागात, बसच्या रस्त्यालगत, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जागा आरक्षित ठेवा, आणि ते आरक्षण उठवू देऊ नका. आणि अशी वसाहत तुमच्या सोसायटीशेजारी येणार असेल, तर तिच्या विरोधातल्या अर्जावर सही करू नका.