नरक्याचे औषध प्रयोगशाळेतच अडलेले

उंब्रजहून मल्हारपेठमार्गे पाटणकडे गेल्यावर कोयना खोऱ्यातील जंगले लागतात. तेथील नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते. त्यापासून कर्करोगावरील औषधे बनतात. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये हे द्रव्य एका चिनी वृक्षातून मिळवले. पुढे मागणीपायी नरक्याची बेसुमार तोड झाली.

उतीसंवर्धनात वाढवलेल्या पेशींना मिथाइल जास्मोनेटसारखे उत्तेजक दिल्यास द्रव्याचे प्रमाण वाढू शकते. तरीही ते झाडातील प्रमाणाच्या बरेच खाली राहते. याच जोडीने शोधलेले टॅक्सॉल पेशीसंवर्धनातून कारखान्यात तयार होते. नरक्याला तो पल्ला गाठता आलेला नाही. तोवर तस्करी रोखायची, तर केवळ वनखात्याची गस्त पुरणार नाही. शेतकऱ्यांच्या लागवडीला बाजारपेठ मिळवून द्यावी लागेल.