फोटो एक नव्हे, चार काढा



मागे एका गावात पारावर बियाण्याची चर्चा आटोपली आणि एका तरुणाने मला गाठले. म्हणाला, "साहेब, तुमच्या गळ्यात नेहमी कॅमेरा दिसतो. मलाही घ्यायचाय. कोणता घेऊ?" त्या घाईत त्याला अर्धेच उत्तर दिले. उरलेले आज तुम्हां सर्वांपुढे मांडतो, कारण त्यात माझी एक चूकही आहे.

मला हा नाद लागला परभणीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. करताना. तेव्हा कॅमेऱ्यात रोल भरावा लागे. एका रोलात ३६ फोटो. रोल घ्या, धुवा, छापून आणा. विद्यार्थ्याच्या खिशाला ते जडच. म्हणून बटण दाबण्याआधी दहादा पाहायची सवय लागली. ती सवय पुढे नोकरीत कामाला आली.

अजूनही रविवार मोकळा मिळाला की पिशवी खांद्याला अडकवून निघतो. कधी जिंतूरजवळची नेमगिरी, कधी चारठाण्याची जुनी हेमाडपंती देवळे, तर कधी पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचा काठ. पाण्यात ढोकरी उभी असते. ती मासा कधी उचलते, याची वाट पाहत मी दीड-दोन तास बसतो. घरची मंडळी म्हणतात, "एवढ्या वेळात तुरीची ओळ खुरपून झाली असती." त्यांचेही खरेच आहे.

आता चुकीची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. पावसाने मोठी उघडीप दिली होती. मग एका रात्री धो धो कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका शेतकऱ्याने मोबाइलवर कपाशीचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "साहेब, झाड मान टाकतंय, काय फवारू?" फोटो एकच, झाडाच्या शेंड्याचा, तोही उन्हाकडे तोंड करून काढलेला. पाने काळपट दिसत होती, कडा वळल्यासारख्या वाटत होत्या. मी बैठकीत होतो. तुडतुडे असावेत, असे समजून औषधाचे नाव कळवले आणि मोकळा झालो.

चार दिवसांनी त्याच वाटेने जाताना शेतात उतरलो. पाहतो तर सखल भागातली झाडे सुकलेली आणि उंचवट्यावरची टवटवीत. पानाखाली तुडतुडा औषधालाही नव्हता. झाड उपटून पाहिले, तर मुळे शाबूत. मूळकूज असती, तर झाड सहज उपटून आले असते आणि मुळाची साल सुटली असती. ही होती आकस्मिक मर. जमिनीला ताण बसलेला असताना एकदम पाणी साचले, की कपाशी अशी मान टाकते. त्यात कीड नाही की रोग नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे चर काढून पाणी बाहेर काढणे आणि वाफसा येताच झाडाला खताची आळवणी करणे, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. ते दिवस माझ्या सल्ल्याने फवारणीत गेले. औषधाचा पैसा गेला, मजुरी गेली, सखल भागातली झाडेही गेली.

तो शेतकरी रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून मारलं, साहेब." ते बोलणे अजून मनातून जात नाही. एका पक्ष्यासाठी दोन तास बसणारा मी, त्या कपाशीचा दुसरा फोटो मागायला दोन मिनिटे थांबलो नाही.

म्हणून आता माझ्याकडे फोटो आला की मी चार मागतो. तुम्हीही पिकाबद्दल कोणाला विचाराल, तेव्हा चार पाठवा.

पहिला, बांधावर उभे राहून सगळ्या शेताचा. नुकसान पट्ट्यात आहे, सखल भागात आहे की सगळीकडे पसरले आहे, हे त्यातूनच कळते.

दुसरा, एका पूर्ण झाडाचा. शेजारी एक निरोगी झाड असू द्यावे.

तिसरा, पानाच्या खालच्या बाजूचा. रस शोषणाऱ्या किडी बहुधा तिथेच असतात.

चौथा, उपटलेल्या झाडाच्या मुळांचा. माती हलकेच झटकून मुळे कागदावर ठेवावीत.

सोबत दोन ओळी लिहा: पेरणी कधी झाली, पाऊस किंवा पाणी कधी मिळाले, आधी काय फवारले.

काढताना सूर्य पाठीशी घ्या. सकाळचे ऊन किंवा ढगाळ उजेड चांगला. भर दुपारी पान चकाकते आणि रंग कळत नाही. मोबाइलच्या काचेवर बोटांचे तेल असते, ती आधी सुती कापडाने पुसा. फार जवळ नेला तर फोटो अंधुक येतो. वीतभर अंतर ठेवा आणि पडद्यावर पानाला बोट लावून मग काढा. शेजारी एखादे नाणे ठेवले, तर किडीचा आकार समजतो. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे.

एक स्वस्त युक्ती सांगतो. दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग मोबाइलच्या डोळ्यापुढे चिकटून धरा. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. फुलकिडे दिसतील आणि त्यांचा फोटोही येईल. माझ्या महागड्या लेन्सपेक्षा शेतात हे भिंगच जास्त कामाला आले आहे. घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे काम द्या. त्यांचा हात स्थिर असतो आणि नजर ताजी.

आता त्या तरुणाचे उत्तर. बाबा रे, ई-पीक पाहणीमुळे २०२१ पासून शेतात उभे राहून फोटो काढायची सवय आपल्याला झालीच आहे. त्याच मोबाइलने वर्षभर, दर आठवड्याला, एकाच बांधावरून, एकाच वेळी आपल्या शेताचा फोटो काढ. पाणी कुठे तुंबते, पीक कुठे आधी पिवळे पडते, ते वर्षअखेर ओळीने दिसेल. त्यानंतरही हौस टिकली, तर वापरलेला पण चांगला कॅमेरा घे आणि उरलेला पैसा लेन्सवर घाल. पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते, किडींसाठी जवळून टिपणारी. दोन्ही एकदम घेऊ नकोस.

त्या शेतकऱ्याने गेल्या हंगामात मला सोयाबीनचे फोटो पाठवले. मी न मागता, चारही.

असो. उद्या सकाळी शेतावर जाल, तेव्हा मोबाइलची काच पुसून न्या.