वाळवंट आलं काय?

लहान मुलांना घेऊन प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण कोठे चाललो आहोत याचे फारसे भान नसते. पुढची चहाची टपरी किती अंतरावर आहे, खिडकीजवळ बसण्याची पाळी कोणाची आहे आणि मागच्या बाकावरची शांतता ही झोपेची आहे की कटाची आहे, एवढ्याच त्याच्या विवंचना! गेल्या दिवाळीत भाऊबीज उरकून आम्ही यवतमाळहून जैसलमेरला मोटारीने गेलो. अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास. बरोबर सौ., चौथीतले चिरंजीव, पाच वर्षांची कन्या आणि उरलेल्या फराळाचे चार डबे. विमाने आणि आगगाड्या असताना एवढा खटाटोप कशाला, असे आमच्या स्टाफरूममध्ये एकाने विचारले. त्याला मुले नाहीत. दोन मुलांचे सामान विमानात नेण्याचा प्रसंग त्याच्यावर यायचा आहे.

जायचे वाळवंटात, असे मुलांना सांगितले होते. त्याचा परिणाम असा झाला की, नेर मागे पडायच्या आत धाकटीने पहिला प्रश्न टाकला, "बाबा, वाळवंट आलं काय?" अमरावतीला तोच प्रश्न. मेळघाटात दोन्ही बाजूंना सागाची दाट झाडी असतानाही तोच प्रश्न. खंडवा, रतलाम, चितोड, जोधपूर असे मुक्काम करीत आम्ही चाललो होतो आणि प्रत्येक मुक्कामी वाळवंट न आल्याचा दोष माझ्या माथी येत होता. मोबाईलमधली बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा, सारे काही सांगते. पण या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळही नाही.

खरी गोष्ट अशी की, जोधपूर सोडल्यावर वाळवंट सुरू झाले तरी ते कळत नाही. चित्रातल्यासारख्या वाळूच्या लाटा पाहायच्या तर जैसलमेरच्याही पुढे चाळीसेक किलोमीटर, समला जावे लागते. तोपर्यंत दिसते ते खुरटे, काटेरी रान, मधूनच बाजरी काढून नेलेले शेत आणि ठिकठिकाणी एकटी उभी असलेली खेजडीची झाडे. ही खेजडी म्हणजे आपली शमी. पांडवांनी शस्त्रे लपवली ती शमी, एवढीच आपली तिची ओळख. तिकडे हेच झाड माणसाला सावली देते, शेळ्या-उंटांना पाला देते आणि शेंगांची भाजीही देते. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यामागून एकेक करीत 363 माणसांनी झाडांसाठी प्राण दिले. ही गोष्ट ऐकून चिरंजीव बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी ताटात खेजडीच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी आली तेव्हा मात्र त्यांनी ती निर्दयपणे बाजूला सारली.

जोधपूर-जैसलमेर रस्त्यावर देचू आणि पोकरण यांच्या मध्ये कोठे तरी धाकटीसाठी गाडी थांबवावी लागली. रस्त्यालगत दोन-तीन गोल झोपड्यांची वस्ती होती. तिच्या पुढ्यात बशीसारखा सभोवार उतरता केलेला, चोपून चापून गुळगुळीत केलेला जमिनीचा एक मोठा गोल तुकडा होता आणि त्याच्या मधोमध पांढरा घुमट. "कुणाची तरी समाधी दिसते," सौ. म्हणाली. तेवढ्यात दोन्ही मुले चपलांसकट त्या गोलावर धावली. तोच झोपडीतून एक म्हातारी ओरडत बाहेर आली. आम्ही घाबरलो. देवस्थान बाटले असावे अशीच आमची समजूत झाली.

ते देवस्थान नव्हते. ते पाण्याचे टाके होते. तिकडे त्याला टांका किंवा कुंड म्हणतात. आपण गडावर पाहतो त्या टाक्याचाच हा चुलतभाऊ. वर्षातून मोजक्या सरी पडतात, त्या या उतरत्या अंगणावर झेलायच्या, घुमटाच्या पायथ्याशी ठेवलेल्या भोकांतून आत सोडायच्या आणि वरून झाकण घालून ते पाणी वर्षभर पुरवायचे. घुमटाच्या झाकणाला कुलूप होते. त्या अंगणाला आगोर म्हणतात आणि त्यावर चपला घालून कोणी जात नाही, गुरांना तर जवळही फिरकू देत नाहीत, कारण तिथली घाण थेट पिण्याच्या पाण्यात जायची.

मुलांनी चपला काढल्या. म्हातारीचा राग तेवढ्याने उतरला आणि तिने कुलूप काढून, दोरीने पाणी शेंदून आम्हांला लोटाभर प्यायला दिले. ते थंड होते, गोड होते. आमच्या गाडीत विकतच्या पाण्याचा अख्खा खोका पडून होता, पण तो काढायचा धीर कोणाला झाला नाही. मग तिने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, "तुमच्या मुलुखात पाऊस कसा असतो?" मी म्हणालो, "इथल्यापेक्षा चौपट-पाचपट." ती हसली. श्रीमंत पाहुण्याकडे पाहून हसावे तशी. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर आम्ही यवतमाळकरांनी नळाची वाट कशी आठवडे-आठवडे पाहिली, रात्री-अपरात्री टँकरचा आवाज आला की बादल्या घेऊन कसे धावलो, हे तिला सांगावेसे सौ.ला वाटत होते. पण ते हिंदीत कसे सांगावे हे तिला कळेना. आणि मला वाटते, मराठीतही ते सांगणे अवघड गेले असते.

पोकरणला 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्यांचा विषय काढून पाहिला. कोणी लक्ष दिले नाही. जैसलमेरचा 1156 सालचा पिवळ्या दगडाचा किल्ला मुलांना आवडला, पण त्याहून गडीसर तलाव आवडला. चौदाव्या शतकात महारावळ घडसीने तो बांधून काढला आणि कित्येक शतके सारे गाव त्याच्यावर जगले. आता 1958 साली सुरू झालेल्या कालव्याने, ज्याला आज इंदिरा गांधी कालवा म्हणतात, सतलज-बियासचे पाणी या मुलखात आणले आहे. त्यामुळे गडीसरावर आता होड्या चालतात. त्याच्या वेशीची गोष्ट धाकटीने तीनदा सांगायला लावली. टिलों नावाच्या गणिकेने ती वेस बांधली. राजा ती पाडील म्हणून तिने वर कृष्णाचे देऊळ उभारून ठेवले, आणि राजा गप्प बसला!

त्या रात्री हॉटेलात चिरंजीवांनी अचानक वही काढली. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, हा हिशेब त्यांना शाळेत शिकवला होता. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस फार तर दोनशे मिलिमीटर. शंभर चौरस मीटरचे आगोर धरले तर वीस हजार लिटर. आपल्याकडे नऊशेच्या आसपास. आपली गच्ची शंभर चौरस मीटर धरली तर नव्वद हजार.

"बाबा, मग आपलं नव्वद हजार लिटर कुठं जातं?"

"नालीत," सौ.ने पांघरुणातून उत्तर दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही समच्या वाळूवर होतो. वाळू बर्फासारखी गार. धाकटीने पाऊल टाकले आणि किंचाळून वर उचलले. "आलं गं बाई, तुझं वाळवंट!" सौ. म्हणाली. "पण हे तर थंडगार आहे!" धाकटी म्हणाली आणि कडेवर बसली, ती ऊन येईपर्यंत उतरली नाही.

यंदा जूनच्या आरंभी सौ.ने प्लंबरला बोलावून गच्चीच्या पन्हळीला नळी जोडून घेतली आणि ती परसातल्या विहिरीकडे वळवली. मध्ये गाळणीसाठी रेती आणि गिट्टीचा खड्डा आहे. पहिल्या दोन सरींचे पाणी सोडून द्यायचे, अशी प्लंबरची ताकीद आहे. गच्चीवर चपला घालून जाण्यास बंदी आहे. ती धाकटीने घातली आहे आणि पाहुण्यांनाही ती लागू आहे. चिरंजीव गच्चीवर ठेवलेल्या सरळ काठाच्या डब्यात रोज सकाळी पट्टी धरतात आणि पावसाचे मिलिमीटर वहीत लिहितात. जुलैमध्ये मधले चार दिवस कोरे आहेत. तेव्हा ते वणीला मामाकडे गेले होते.